जाड सूट की जवळचा आडोसा? चंद्रावरच्या १४ दिवसांचा किरणोत्सारी हिशेब

"मामा, तुझा तो शिशाचा एप्रन स्पेससूटच्या आतून घातला तर?"

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. तो इंजिनिअरिंगला आहे, आणि चौघा मित्रांचा गट चंद्रतळाच्या आराखड्याच्या एका स्पर्धेत उतरलाय. स्पर्धेची अट अशी: दोन अंतराळवीर, चंद्रावर १४ दिवस, त्यांत सात-सात तासांच्या आठ फेऱ्या बाहेर. किरणोत्सारापासून बचावासाठी पृथ्वीवरून जास्तीत जास्त २५० किलो नेता येतील. हे २५० किलो कुठे घालायचे, यावरून चौघांची चार तोंडं चार दिशांना. एकाला जाड सूट हवाय, एकीला सूटखेरीज वेगळं जाकीट, तिसऱ्याला यानात आडोसा, आणि चौथा म्हणतो की सरळ चंद्राच्या मातीत पुरून घेऊ.

मी रुग्णालयात रेडिएशन सेफ्टीचं काम केलंय. एक्स-रे आणि कॅथ लॅबमधल्या लोकांच्या छातीवरचे, अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारे टीएलडी बिल्ले दर तीन महिन्यांनी गोळा करून तपासणीला पाठवणं, कुणाचा आकडा वाढला की त्याला बसवून विचारणं, हा माझा रोजचा धंदा होता. त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. त्यांच्यासाठी मांडलेला हिशेब इथे देतो. असाच निर्णय करायचा असलेल्या कुणालाही तो कामी येईल.

रिमझिम आणि ढगफुटी

पाऊस पाऊस म्हणून चालत नाही, कोणता पाऊस ते आधी सांगावं लागतं. अंतराळातल्या किरणोत्साराचंही तसंच आहे.

पहिला प्रकार वैश्विक किरणांचा. हे आकाशगंगेतून सर्व दिशांनी, सदासर्वकाळ येत असतात. बहुतेक प्रोटॉन, दहाएक टक्के हेलियमची अणुकेंद्रकं, आणि एखादा टक्का लोखंडापर्यंतची जड केंद्रकं. संख्येनं ही जड मंडळी नगण्य, पण पेशीतून जाताना नांगर फिरवल्यासारखी जातात. यांची ऊर्जा शेकडो ते हजारो एमईव्ही, म्हणजे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक. ही झाली बारमाही रिमझिम. डोस थोडा, पण थांबत नाही आणि आरपार जातो.

दुसरा प्रकार सौरवादळाचा. सूर्यावर स्फोट झाला की प्रोटॉनांचा लोंढा सुटतो. तो कधीकधी काही मिनिटांत, एरवी काही तासांत येऊन पोहोचतो आणि तासन्‌तास, क्वचित दोन-तीन दिवस चालतो. यातल्या बहुतेक प्रोटॉनांची ऊर्जा काही दहा ते शंभर-दोनशे एमईव्ही. ही ढगफुटी. आपल्या मुक्कामात होईलच असं नाही, पण झाली तर जीवावर बेतू शकते.

पृथ्वीच्या चुंबकत्वानं तिच्याभोवती धरून ठेवलेल्या कणांचे व्हॅन ॲलन पट्टे हा तिसरा प्रकार. चंद्राच्या वाटेवर ते यानातूनच, झपाट्यानं ओलांडले जातात. सूटचा तिथे संबंध येत नाही, म्हणून ते सोडून देतो.

आता मोजमाप. चीनचं चांग-अ-४ यान जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. त्यावरच्या उपकरणानं तिथला डोस दिवसाला सुमारे १.३७ मिलिसीव्हर्ट मोजला (सीव्हर्ट म्हणजे शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबानं डोस मोजायचं एकक, मिलिसीव्हर्ट त्याचा हजारावा भाग). तेव्हा सूर्य शांत होता. सूर्य शांत असला की वैश्विक किरण जास्त येतात, म्हणजे हा आकडा वरच्या टोकाचा धरायला हरकत नाही. १४ दिवसांचे झाले १९.२ मिलिसीव्हर्ट. आपल्याकडे किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे वर्षभराचा कोटा दोन आठवड्यांत संपला. दुसरीकडे, नासानं अंतराळवीराच्या अख्ख्या कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट आहे. त्यातले हे तीन टक्के.

१९.२ मिलिसीव्हर्ट आणि तीन टक्के, हे दोन आकडे डोक्यात पक्के ठेवा. शिवाय या १९.२ मधला सूटमधल्या वेळेचा वाटा किती? आठ गुणिले सात म्हणजे ५६ तास. एकूण ३३६ तासांचा बरोबर सहावा हिस्सा. म्हणजे ३.२ मिलिसीव्हर्ट. एखाद्यानं उद्या जादूचा सूट आणला आणि त्यानं प्रत्येक कण अडवला, तरी वाचणार ते एवढेच.

सुनीता विल्यम्स यांचं उदाहरण घ्या. अंतराळात एकूण ६०८ दिवस, स्पेसवॉक नऊ, आणि त्यांचे एकूण तास ६२. तासांचा हा स्त्रियांमधला उच्चांक आहे, तरीसुद्धा सूट घालून बाहेर काढलेला वेळ एकूण मुक्कामाच्या अर्धा टक्काही भरत नाही. सूटवर एवढा काथ्याकूट होतो, कारण फोटोत सूट दिसतो. भिंत दिसत नाही.

सूट खरंच काय अडवतो

किरणोत्साराच्या आडोशाची जाडी सेंटीमीटरमध्ये मोजत नाहीत. एका चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम पदार्थ आडवा आहे, ते बघतात. कापूस एक फूट असला तरी तो आडोसा नव्हे. या मापानं एक रांग लावून बघू:

| आडोसा | ग्रॅम प्रति चौ. सेंमी |
|---|---|
| स्पेससूटचं कापड | ०.२५ |
| अपोलोच्या ल्युनर मॉड्यूलची (चंद्रावर उतरणाऱ्या यानाची) भिंत | १.५ |
| अपोलोचं कमांड मॉड्यूल (पृथ्वीवर परतणारं यान) | ७ ते ८ |
| स्पेस शटल | १० ते ११ |
| आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, सर्वांत जाड भागात | १५ |
| अर्धा मीटर चंद्राची माती | ७५ |
| समुद्रसपाटीला आपल्या डोक्यावरची हवा | १,०३३ |

पहिली ओळ बघून भाचा फोनवर काही वेळ गप्पच होता. कॅथ लॅबमधला अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन या मापात ०.५७ भरतो. माझा एप्रन, या हिशेबात, स्पेससूटच्या दुपटीहून भारी!

मग सूटचे थर कशासाठी? आत पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचा गारवा देणारा थर, हवा धरून ठेवणारी पिशवी, ती फुगू नये म्हणून आवळून धरणारं डेक्रॉन, मग ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलारचे पातळ पापुद्रे, आणि सगळ्यांत वर गोर-टेक्स, केव्हलार, नोमेक्स यांचं विणलेलं कापड. सगळी धडपड हवा, तापमान आणि बारीक उल्का यांच्याशी. किरणोत्सार थोडाफार अडतो तो ओघानं.

तरी सूटच्या पदरात त्याचं श्रेय टाकायला हवं. सूर्याची अतिनील किरणं तो संपूर्ण अडवतो. हेल्मेटची पॉलिकार्बोनेट आणि तिच्यावरची सोन्याचा मुलामा दिलेली काच नसती, तर डोळे काही मिनिटांत भाजले असते. अर्धा एमईव्हीच्या आतले इलेक्ट्रॉन आणि दहाएक एमईव्हीपर्यंतचे प्रोटॉन कापडात मरतात. ही त्वचेची आणि डोळ्यांची चांगली राखण झाली. त्यापुढे मात्र सूट म्हणजे सदराच.

कारण प्रोटॉनचा पल्ला ऊर्जेबरोबर झपाट्यानं वाढतो. १० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात १.२ मिलिमीटर जातो. ३० चा सुमारे ९ मिलिमीटर. १०० चा ७.७ सेंटीमीटर. २०० चा २६ सेंटीमीटर. आणि वैश्विक किरणांतला १,००० एमईव्हीचा? सव्वातीन मीटर. तुमच्या आमच्या शरीरातून तो आरपार जाऊन मागच्या माणसातूनही जाईल.

याचा पुरावा सूटमध्येच सापडला. अपोलो ८ आणि अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी घातलेली हेल्मेटं शास्त्रज्ञांनी नंतर रसायनात बुडवून खोदली. जड केंद्रकं प्लास्टिकमधून जिथून गेली, तिथे बारीक शंकूसारखे खड्डे उमटले. अपोलो ११ मध्ये बझ आल्ड्रिननं अंधारात डोळ्यांपुढे चमकून जाणाऱ्या ठिणग्यांची गोष्ट सांगितली, तीही याच कणांची. हेल्मेट त्यांना पाहुण्यासारखं आत सोडत होतं.

कोणता सूट बरा?

गटातल्या पहिल्या मुलाला सूटांची आपापसांत तुलना हवी होती. ती लवकर आटपते. अपोलोचा ए७एल पाठीवरच्या संचासह सुमारे ८२ किलोचा, मऊ आणि पातळ. शटल आणि अंतराळ स्थानकावरचा अमेरिकी ईएमयू १२७ किलोच्या घरात. त्याचं धड फायबरग्लासचं. रशियाचा ओर्लान ११०-१२० किलोचा, धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आणि माणूस पाठीमागच्या दारातून आत शिरतो. धडापुरता ओर्लान कापडी सूटपेक्षा सरस. दोघांतही पाठीवरच्या यंत्रसामग्रीमुळे पाठ बऱ्यापैकी झाकली जाते. पण दंड, मांड्या आणि बोटं सगळ्यांत सारखीच उघडी. ॲक्सिअम कंपनी नासाच्या आर्टेमिस चांद्रमोहिमांसाठी करत असलेल्या नव्या सूटचा भर दक्षिण ध्रुवाजवळची कडाक्याची थंडी, धूळ आणि वाकण्या-बसण्याची मोकळीक यांवर आहे, आणि तो बरोबरच आहे. वैश्विक किरणांच्या बाबतीत यांतल्या कुठल्याही दोघांत निवड करणं म्हणजे मलमल आणि वायल यांतलं कोणतं पावसाळ्यात बरं, असं विचारण्यासारखं.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला फार आवडली, कारण ती माझ्या बिल्ल्यांच्या धंद्यातली आहे. युरोपीय अंतराळ संस्थेनं मात्रोश्का नावाचा एक पुतळा २००४ मध्ये अंतराळ स्थानकाच्या बाहेर बसवला, दीड वर्ष तिथेच ठेवला आणि मग आतही ठेवून पाहिला. त्याच्यावर सूटची नक्कल करणारं आवरण होतं आणि आत, अवयवांच्या जागी, शेकडो मापकं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, की स्थानकाच्या आत असताना छातीवरच्या बिल्ल्याचा आकडा शरीराच्या खऱ्या डोसपेक्षा फक्त १५ टक्क्यांनी जास्त होता. बाहेर मात्र तो २०० टक्क्यांहून जास्त फुगलेला. म्हणजे सूटमधून कमी ऊर्जेचे बरेच कण आत येतात आणि कातडीतच संपतात. आतले अवयव वाचतात ते माणसाच्या स्वतःच्या मांसामुळे. बाहेर फिरणाऱ्या अंतराळवीराचा सर्वांत जाड आडोसा तो स्वतःच असतो. अस्थिमज्जा, पोट, आतडी या कणांपासून सरासरी काही सेंटीमीटर आत लपलेली असतात, आणि ते काही सेंटीमीटर सूटच्या कापडाच्या कितीतरी पट आहेत.

मग शिसं का नाही

एप्रनवर येऊ. रुग्णालयात शिसं चालतं, कारण तिथे शे-सव्वाशे किलोव्होल्टचे एक्स-रे असतात. अर्धा मिलिमीटर शिसं त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त गिळतं. अंतराळातले कण हजारो पट ताकदीचे आणि विद्युतभारित. त्यांना थांबवतात ते वाटेतले इलेक्ट्रॉन, आणि एका ग्रॅममागे सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन हायड्रोजनमध्ये असतात. शिशात त्याच्या निम्म्याहूनही कमी.

त्यात भर म्हणजे कणांचा वर्षाव. वैश्विक किरणांतला कण पदार्थावर आदळला की एकाचे अनेक होतात. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांच्या अशा वर्षावाचं गणित होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्येच मांडलं होतं. शिशासारख्या जड पदार्थात याच्या जोडीला अणुकेंद्रकं फुटतात आणि न्यूट्रॉन उडतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्याला अडवणं आणखी जिकिरीचं. चोर पकडायला ठेवलेला राखणदारच दगड भिरकावू लागला तर काय करणार? म्हणून अंतराळात शिसं बाद. पाणी आणि पॉलिथिलीन, म्हणजे हायड्रोजननं भरलेले साधे, स्वस्त पदार्थ, तिथे भाव खाऊन जातात.

पहिला प्रस्ताव: जाड सूट

समजा, पॉलिथिलीनचे थर देऊन सूटच जाड केले. २५० किलो दोघांत वाटले की प्रत्येकी १२५. सूटचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर धरलं, तर चौरस सेंटीमीटरमागे ५ ग्रॅम होतात. कागदावर आकडा वाईट नाही. अंगालगतचा आडोसा नेहमीच वजनाला स्वस्त पडतो, कारण झाकायचं क्षेत्र लहान असतं. हे मुलाचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी त्याला तसं सांगितलं.

अडचण पुढे आहे. पाच सेंटीमीटर जाडीचं प्लास्टिक कोपर, गुडघा आणि बोटांवर कसं वाकणार? आधीच फुगलेल्या सूटच्या हातमोज्यांत मूठ मिटताना अंतराळवीरांचे तळहात भरून येतात. चंद्रावर वजन सहावा हिस्सा होतं, पण वस्तुमान तेवढंच राहतं. सव्वाशे किलो जास्तीचं अंग घेऊन वळताना, थांबताना, पडल्यावर उठताना ते जाणवतंच. त्यामुळे प्रत्येक काम हळू होणार आणि बाहेरचा वेळ वाढणार. वेळ वाढला की डोस वाढला, म्हणजे आडोशानं कमावलेलं त्यातच गेलं. आणि एवढं करून हा आडोसा फक्त त्या सहाव्या हिश्शातल्या वेळेत कामाचा. वैश्विक किरणांना तर ५ ग्रॅमनं फार फरक पडत नाही.

माझा कौल: नाही.

दुसरा प्रस्ताव: जाकीट

कोकणात लावणीच्या वेळी बायका इरलं घेतात. पाठ आणि डोकं झाकलं जातं, पाय चिखलात भिजतातच, पण हात मोकळे राहतात आणि काम चालतं. ॲस्ट्रोरॅड नावाचं जाकीट म्हणजे अगदी हेच. इस्रायलच्या स्टेमरॅड कंपनीनं ते लॉकहीड मार्टिनबरोबर तयार केलं. पॉलिथिलीनचं, पृथ्वीवर सुमारे २६ किलो वजनाचं. सगळीकडे सारख्या जाडीचं नाही. अस्थिमज्जा, फुप्फुसं, पोट, स्तन, बीजकोश अशा नाजूक अवयवांवर जास्त जाड, बाकी ठिकाणी पातळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटलेल्या आर्टेमिस-१ मध्ये हेल्गा आणि झोहार हे स्त्रीदेहाचे दोन पुतळे शेजारी-शेजारी बसून चंद्राला फेरी मारून आले. झोहारच्या अंगावर जाकीट होतं, हेल्गाच्या नव्हतं. (पुरुषांचेच देह मोजत बसण्याची जुनी खोड निदान इथे तरी सुटली.)

इटलीनं केलेला प्रयोग आणखी गमतीचा. २०१७ मध्ये पाओलो नेस्पोलीनं अंतराळ स्थानकावर पाण्याच्या पिशव्यांचं जाकीट घालून पाहिलं. काम झालं की पाणी परत टाकीत. नेलेल्या वजनाचा दोनदा उपयोग.

पण एक समजून घ्या. ही जाकिटं यानात घालायची आहेत, स्पेससूटच्या आत नव्हे. तेवढी जागाच तिथे नाही. तेव्हा बाहेर वादळात सापडलेल्याला जाकीट वाचवत नाही. त्याचा खरा उपयोग वादळ दोन-तीन दिवस लांबलं तर. माणूस खबदाडीत बसून किती वेळ काढणार? यंत्रं बघायची असतात, खायचं असतं, शौचाला जायचं असतं. तेवढ्यापुरतं अंगावर काहीतरी हवं. दोघांची दोन जाकिटं म्हणजे ५२ किलो. माझ्या मते हा सौदा चांगला आहे, पण एकट्या जाकिटावर मोहीम सोडू नये.

तिसरा प्रस्ताव: यानातला आडोसा

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण निर्णय याच्यावर फिरतो. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ परतलं. डिसेंबरमध्ये अपोलो १७ गेलं. मधल्या ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्यानं त्या दशकातलं एक भयंकर वादळ सोडलं. इतकं, की व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलानं पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले. त्या वेळी चंद्रावर कुणी सूट घालून फिरत असता, तर नासाच्या एका अंदाजानुसार त्याला ४ सीव्हर्टपर्यंत डोस बसला असता. उपचार नसतील तर माणूस मरू शकतो असा हा आकडा. तोच माणूस कमांड मॉड्यूलमध्ये असता, तर त्याच्या अस्थिमज्जेला ०.३५ सीव्हर्टहून कमी. आजारी पडला असता, कदाचित, पण घरी आला असता.

पाव ग्रॅम आणि आठ ग्रॅम यांतला फरक हा असा. आणि प्रत्यक्षात अपोलोच्या सगळ्या मोहिमांत सर्वांत जास्त सरासरी डोस अपोलो १४ ला बसला, तो ११.४ मिलिग्रे (ग्रे म्हणजे शरीरात मुरलेल्या ऊर्जेचं एकक). सूट चांगले होते म्हणून नव्हे. मोहिमा छोट्या होत्या आणि वादळ मधल्या महिन्यांत आलं म्हणून.

तर १४ दिवसांच्या मोहिमेत लढायचं आहे ते ढगफुटीशी. रिमझिम सोसायची. तीन टक्के आहेत, सोसता येतात.

आता २५० किलोंत आडोसा होतो का? मुलांनी आधी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच पेटी काढली होती. सहाही बाजूंनी १० चौरस मीटर. १० ग्रॅमची जाडी हवी तर हजार किलो. तिथेच त्यांचं घोडं अडलं होतं आणि तिसरा हिरमुसला होता.

मी त्याला विचारलं, "अरे, ही माणसं १४ दिवस पाणी पिणार आहेत की नाही?"

पाणी आणि अन्न मिळून दीडशे किलो तरी बरोबर असणारच, आणि ते २५० च्या बाहेरचे आहेत. आर्टेमिसच्या ओरायन यानाचा बेत असाच आहे: वादळाचा इशारा आला की अंतराळवीर सामानाच्या कप्प्यांत उतरतात आणि सामानाच्या पिशव्या भोवती रचून घेतात. अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात तर ओल्या टॉवेलांचा आणि पुसण्याच्या ओल्या कागदांचा पडदा झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावून पाहिला. जाडी ६ ग्रॅमच्या आसपास. तिथला डोस सुमारे ३७ टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे दुष्काळात हंडे-कळश्या भिंतीला रचून ठेवतात, तशीच रचना.

शिवाय सहाही बाजू झाकायच्या कशाला? खाली उतरणीचं इंजिन, रिकाम्या टाक्या आणि खुद्द चंद्र आहे. एक लांब बाजू यंत्रांच्या मांडणीला चिकटवा. उरले ६ चौरस मीटर. जाकिटांचे ५२ आणि मापकांचे ३ किलो वजा जाता १९५ किलो पॉलिथिलीन आणि दीडशे किलो पाणी-अन्न, असे ३४५ किलो त्यावर पसरले, की पावणेसहा ग्रॅम होतात. यानाची भिंत अपोलोच्या ल्युनर मॉड्यूलइतकी पातळ धरली तरी दीड. बेरीज सव्वासात. अपोलोच्या कमांड मॉड्यूलच्या पंक्तीत जाऊन बसलो!

ओरायननं आणखी एक धडा दिलाय, आणि तो फुकटचा आहे. आर्टेमिस-१ च्या प्रवासात यानाच्या आतल्याआत वेगवेगळ्या जागी डोसमध्ये चौपटीपर्यंत फरक सापडला. व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यान ९० अंशांत वळलं, तेव्हा डोस निम्म्यावर आला. कुठे बसायचं आणि तोंड कुठे करायचं, याला वजन लागत नाही.

चौथा प्रस्ताव: माती

अर्धा मीटर चंद्रमाती म्हणजे ७५ ग्रॅम. कागदावर सगळ्यांना चीत करते. पण ६ चौरस मीटरवर अर्धा मीटर म्हणजे साडेचार टन माती उकरून चढवायची. कशानं? फावडं हातात घेऊन सूटमध्ये? मग बाहेरचे आठही दिवस त्यातच जातील, आणि डोस वाचवायच्या नादात डोस खातील. यंत्र न्यावं तर २५० किलोंची अट मोडली. सहा महिन्यांच्या किंवा कायमच्या तळासाठी मातीला पर्याय नाही, हे चौथ्याला मी कबूल केलं. जपानच्या कागुया यानानं २००९ मध्ये दाखवलेल्या मारिअस टेकड्यांतल्या विवरासारख्या तयार गुहा तर आयतं घरच. पण दोन आठवड्यांच्या पाहुण्यानं वाडा बांधू नये.

बाहेर असताना काय

सगळा भरवसा आडोशावर टाकला, तर बाहेर असलेल्यानं तिथे वेळेत पोहोचायला हवं. अपोलो १७ चे अंतराळवीर बग्गी घेऊन यानापासून ७.६ किलोमीटर लांब गेले होते. बग्गी बंद पडली तर चालत परतता येईल, एवढंच अंतर जायचं असा नियम होता. मी मुलांना म्हटलं, तुमचा नियम प्राणवायूऐवजी वादळाच्या घड्याळावर लावा: एका तासात पेटीत शिरता येईल, त्याच्या पलीकडे जायचं नाही. दोघांच्या छातीवर आवाज करणारं मापक, यानात एक मोठं. त्यासाठीच ते ३ किलो.

आणि सूर्यावर नजर. आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्य न्याहाळतंय. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेनं बनवली आहे, आणि तिचं नाव, योगायोग बघा, 'सूट'. ती काही धोक्याची घंटा म्हणून बनवलेली नाही. सूर्यावरचे स्फोट समजून घेण्यासाठी आहे. पण पहिल्या मुलाला मी म्हटलं, तुला सूटच हवा असेल तर हा घे.

मंगळाचं विचारत असाल, तर हा सगळा हिशेब उलटा होतो. नासाच्या क्युरिऑसिटी यानाच्या मंगळाच्या वाटेवर दिवसाला १.८४ मिलिसीव्हर्ट मोजले गेले, मंगळाच्या जमिनीवर ०.६४. जाता-येता सहा-सहा महिने आणि तिथे पाचशे दिवस, म्हणजे हजाराच्या घरात. तिथे रिमझिमच बुडवते, आणि सात ग्रॅमची पेटी तिला पुरी पडत नाही.

दोन दिवसांनी भाच्यानं नवा तक्ता पाठवला. पेटी १९५, जाकिटं ५२, मापकं ३, माती ०. सूटच्या रकान्यातही शून्य, आणि त्यासमोर पहिल्या मुलाची कंसात टीप: 'हेल्मेटची काच सोडून'. खाली एक प्रश्न होता: "मामा, पाणी भिंतीत ठेवलं खरं, पण चौदाव्या दिवशी ते पिऊन संपलेलं असेल. तेव्हा वादळ आलं तर?"

मी लिहिलं, प्यायलेलं पाणी जातं कुठे? पिशव्या फेकू नका. रिकाम्या झाल्या की भरा आणि त्याच जागी लावा. हायड्रोजनला वास नसतो.

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: "हे प्रेझेंटेशनमध्ये कोण बोलणार, यावर आता भांडण चाललंय."